पिमेंटो फाइव्हमधली पाचवी

पॅन्सी डंकलीला गाण्याबद्दल गावाचं सन्मानचिन्ह मिळणार, ही बातमी मला मासळीवाल्याने दिली. शुक्रवारी त्याची गाडी भोंगा वाजवत आमच्या फाटकापाशी थांबते. स्नॅपर तोलता तोलता तो म्हणाला, "टीचर, ऐकलंत का? मिसेस डंकली जुन्या काळातल्या गायिका निघाल्या! 'रविवारी ये' नावाची त्यांची रेकॉर्ड होती म्हणे. हीरोज डेच्या सरकारी सुट्टीला कोर्टाच्या हिरवळीवर सत्कार आहे."

मी म्हटलं, "या माशाचे डोळे बघ. हा मासा गेल्या आठवड्यातला आहे."

मासा ताजा होता. पण माणसाला कुणावर तरी संतापावं लागतंच.

कारण 'रविवारी ये' ही रेकॉर्ड मी गायले आहे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत मुख्य आवाज माझा. पॅन्सी त्या रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर आहे. नारिंगी विजार घालून, सायकलला टेकून, हसत. तिचा त्या रेकॉर्डशी एवढाच संबंध, आणि सायकलही तिची नव्हती.

पिमेंटो फाइव्ह हे आमच्या वाद्यवृंदाचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मनाला लावून घेऊ नका, कुणीच ऐकलेलं नाही. कॉटरवुडसारख्या डोंगरातल्या गावातले चार मुलगे आणि मी. आमचं रेगे गोड होतं. आमच्या बेटाच्या राजधानीतले, किंग्स्टनचे खरे रेगेवाले म्हणाले, हे हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी आहे. हॉटेलवाले म्हणाले, हे जरा जास्तच रेगे आहे. चर्चमधले म्हणाले, हे सैतानाचं आहे. सैतानाच्या कानावर पडलं असतं तर तोही म्हणाला असता, माझं काही एवढं गुळचट नसतं.

माझी आई, मिसेस क्लेमेंटिना स्वेबी, बॅप्टिस्ट चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. तिने गायची परवानगी दिली, पण पुठ्ठ्यावर नाव नको आणि फोटो तर मुळीच नको, असं बजावून. चांगल्या घरातल्या, शिक्षिका होऊ घातलेल्या मुलीचं नाव त्या गांजेकस लोकांच्या संगीतावर छापून आलं, तर उद्या शाळेत कोण घेणार? रेकॉर्डच्या नावालाही तिची हरकत होती. "रविवारी ये म्हणजे काय? रविवारी माणसं चर्चमध्ये असतात. येणार कोण, आणि घरी असणार कोण?" तरी ती स्वतः स्टुडिओत आली. पर्स मांडीवर, छत्री हातात, भिंतीला खुर्ची लावून बसून राहिली. ध्वनिमुद्रक हा एक किडकिडीत माणूस, तोंडात कायम आगपेटीची काडी. त्याने तिला काचेबाहेर बसायची विनंती केली. आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि मला वाटतं त्याने ती काडी गिळली. जगातल्या सगळ्या रोगांचं मूळ आईला वाकलेल्या पाठीत दिसायचं, त्यामुळे गाणं चालू असताना ती मधेच काहीतरी बोलायची, आणि मग सगळं पहिल्यापासून.

फोटोसाठी कुणीतरी मुलगी हवी होती. पॅन्सी माझी मैत्रीण, माझ्याबरोबर सहज आली होती, दिसायला छान. झालं.

एक गोष्ट खरी, पॅन्सी कधी खोटं बोलली नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलं, "त्या रेकॉर्डवर तूच ना गं?" तर ती नुसती हसायची. रेकॉर्ड कुणाला आठवत नव्हती तोवर त्या हसण्याचा मला त्रास नव्हता. पण हॉलंडमधल्या कुठल्याशा रिकामटेकड्या माणसाने पुठ्ठ्याचा फोटो इंटरनेटवर टाकला, 'ही रेकॉर्ड कुणाकडे आहे का?' असं विचारत. तो फोटो फिरत फिरत आमच्या नागरी सत्कार समितीच्या फोनवर आला. समितीने नारिंगी विजार ओळखली.

मला सन्मानचिन्ह नको होतं. भिंतीवर लावायला माझ्याकडे शाळेने दिलेलं एक घड्याळ आहे, तेही बंद. मला एवढंच हवं होतं की मी मरायच्या आधी या गावाने एकदा, फक्त एकदा, माझा तेव्हाचा आवाज ऐकावा. माझा म्हणून ऐकावा.

आता तुम्ही म्हणाल, मग गाऊन दाखवायचं होतं. सगळे हेच म्हणतात. जन्मभर खडूची धूळ आणि चौथीचा वर्ग यांनी निम्मा आवाज खाल्ला होता, उरलेला गळ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला. आता मी बोलले की शेजारचं कुत्रं कान टवकारतं. आणि माझ्याकडची रेकॉर्ड? तीही आईच्या हाती सापडली होती. आमच्याकडे तेव्हा बायका जुन्या रेकॉर्डी ओव्हनमध्ये गरम करून, मऊ झाल्या की वाडग्यावर दाबून त्यांच्या कुंड्या करायच्या. आईने 'रविवारी ये'ची कुंडी केली. त्यात फर्न लावलं. मधल्या भोकातून पाण्याचा निचरा छान होतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती कुंडी अजून माझ्या व्हरांड्यात आहे.

ती घेऊनच मी समितीच्या कचेरीत गेले. समितीची सचिव टॅमिका माझी विद्यार्थिनी. हुशार नव्हती, पण अक्षर चांगलं होतं.

"टीचर, हे काय?"

"पुरावा."

तिने फर्न जरा बाजूला सारून आत पाहिलं. "टीचर, ही कुंडी आहे."

"ती रेकॉर्ड आहे. नीट बघ, काठाला रेघा दिसतील."

"दिसतात, पण वाजवायची कशी?" मग तिचा आवाज मऊ झाला. वेड्या माणसांशी आणि निवृत्त शिक्षकांशी लोक त्या आवाजात बोलतात. "तुम्हाला दुखवायचं नाही टीचर, पण पुठ्ठ्यावर मिसेस डंकली दिसतात. तुम्ही दिसत नाही."

"मी गात होते गं बाई. गाताना माणूस दिसत नाही."

"समितीला दिसावं लागतं. एक करा, जे.पी.च्या सहीचं प्रतिज्ञापत्र आणा. आणि चालण्यासारखी रेकॉर्ड मिळाली तर सत्काराआधी ती वाजवू. आमच्याकडे छोटा स्पीकर आहे."

आमच्या देशात जे.पी.च्या, म्हणजे कागद प्रमाणित करायला सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित माणसाच्या, सहीशिक्क्याशिवाय माणूस जन्मल्याचं सिद्ध होत नाही, आणि मेल्याचं तर नाहीच. कॉटरवुडमध्ये असे शिक्केवाले फार नाहीत. एक मुलीकडे फ्लोरिडाला गेले होते. दुसरे वारले होते, तरी लोक अजून त्यांच्या फाटकापाशी कागद घेऊन उभे राहतात. उरले मिस्टर डंकली, पॅन्सीचे यजमान.

शेजारी मिस्टर लिंडो म्हणाले, "मिस स्वेबी, बर्मिंगहॅममध्ये अशा वेळी माणूस थेट वकील करतो." मिस्टर लिंडो आयुष्यभर बर्मिंगहॅमला बस चालवून, परत येऊन माझ्या शेजारी एवढं मोठं घर बांधून राहिले आहेत की त्याच्या अर्ध्या खोल्यांमध्ये ते अजून गेलेले नाहीत. त्यांना प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो, आणि तो दर वेळी समुद्रापलीकडून येतो.

"वकील नको. एक रेकॉर्ड हवी."

"मिळायची नाही. जपानी लोक आले होते. गावोगाव फिरून सगळ्या जुन्या रेकॉर्डी पोत्यात भरून घेऊन गेले. तुम्ही जपानला पत्र लिहा."

"कुणाला?"

"जपानला," ते म्हणाले. त्यांच्या मते एवढा पत्ता पुरेसा होता.

मी आधी पिमेंटो फाइव्हमधल्या जिवंत माणसांना शोधलं. दोघे वर गेले आहेत. गिटारवाला टोरोंटोत आहे आणि त्याचा फोन त्याची तिसरी बायको उचलते, माझं नाव ऐकून ठेवून देते. ड्रम वाजवणारा मात्र जवळच होता. तो पाद्री झाला आहे. मोठं चर्च, मोठी गाडी. मला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. "सिस्टर आयसिल्डा! देव भलं करो!"

"ब्रदर, 'रविवारी ये' कोण गायलं ते एका कागदावर लिहून दे."

त्याचे हात खाली आले. "बाप्तिस्मा झाला त्याच्या आधीचं मला काही आठवत नाही."

"काहीच?"

"त्याने सगळं धुऊन टाकलं."

"माझ्याकडून घेतलेली सायकलही?"

"ती आधी धुतली," तो म्हणाला आणि प्रार्थनेला बसला.

मग नभोवाणीच्या एका केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने टेपचं खोकं शोधून काढलं. खोक्यावर आमचं नाव होतं! त्याने टेप लावली. टेपा महाग पडायच्या म्हणून त्या काळात जुन्यांवरच नवं भरायचे. आमच्यावर क्रिकेटचं समालोचन भरलं होतं. त्यातही आपण हरत होतो.

शेवटी मिस्टर डंकलींकडे गेलेच. त्यांनी चष्मा पुसला, कागद दुरून वाचला, जवळून वाचला. 'मी खाली सही करणारी शपथेवर सांगते की मिसेस पॅन्सी डंकली यांनी सदर रेकॉर्डवर एक अक्षरही गायलेलं नाही.'

"मिस स्वेबी," ते म्हणाले, "सही तुमचीच आहे, एवढंच मी प्रमाणित करू शकतो. वर लिहिलंय ते खरं की खोटं, ते माझ्या शिक्क्याच्या बाहेरचं आहे."

"तुमची बायको आत बसली आहे. तिला विचारा."

"जे.पी.ने साक्षीदाराशी घरगुती संबंध ठेवू नयेत," असं म्हणून त्यांनी शिक्का उमटवला आणि ते कोंबड्या बघायला गेले.

पॅन्सी बाहेर आली. केक आणला, सॉरेलचं लाल सरबत आणलं. तिचा केक चांगला असतो, हे मला आवडत नाही.

"आयसी, तू माझ्यावर चिडलीयस."

"छे. मी फक्त शपथ घेतलीय."

"मी त्यांच्याकडे मागायला गेले नव्हते गं. फोटो बघून तेच आले." ती माझ्यासमोर बसली. गुडघ्यांचा आवाज झाला. "खरं सांगू? गुडघे गेले, केस गेले, दातही माझे नाहीत. माझ्याकडे तो एक फोटो राहिलाय. त्यात मी छान दिसते, आणि आता लोक म्हणतात तो फोटो गातो. मी काय करू?"

"नाही म्हण."

"तूच का नाही म्हणालीस तेव्हा? तुझ्या आईला?"

मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

पॅन्सीने माझा ग्लास पुन्हा भरला. मग म्हणाली, "रेकॉर्ड आण. त्यातून तुझा आवाज आला तर सगळ्यांसमोर मी ते चिन्ह तुझ्या हातात देईन. देवाशप्पथ. तुझ्यासारखी शिक्क्याची नव्हे, खरी."

आता मागे फिरणं शक्यच नव्हतं. मी घरी येऊन मिस्टर लिंडोंना सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा सल्ला बेटाच्या आतून आला. "काउंट ट्रेमरकडे जाऊन बघितलंत?"

काउंट ट्रेमर म्हणजे विल्बर्ट पिनॉक. आमच्या तरुणपणी मोठमोठे स्पीकर ट्रकवर लादून गावोगाव नाच भरवणारे लोक असत, त्यातला आमच्या डोंगरावरचा सगळ्यात मोठा. त्याचे स्पीकर वाजले की चार घरं पलीकडच्या बश्या मांडणीवर नाचायच्या. मी वर पोहोचले तेव्हा काउंट सोनेरी काठाचा झगा घालून कोंबड्यांना दाणे टाकत होता. दुपारची वेळ होती.

"'रविवारी ये'," त्याने डोळे मिटले. "आहे."

मी हात पुढे केला. "दाखव."

"दाखवत नसतो."

तुम्हाला आठवत नसेल, पण हे लोक रेकॉर्ड घरी आणली की आधी तिच्यावरची नावाची कागदी चकती खरवडून काढत. कुठलं गाणं, कोण गायलं, काही राहू द्यायचे नाहीत, म्हणजे दुसऱ्या स्पीकरवाल्याने मान लांब करून बघितलं तरी त्याला पत्ता लागू नये. काउंटच्या घरात भिंतभर रेकॉर्डी होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. उशीच्या अभ्र्यात हात घालून त्याने एक काढली, माझ्याकडे पाठ करून तिचा वास घेतला, परत ठेवली.

"हीच."

"मग लाव. एकदा ऐकू दे."

"इथे? कोंबड्यांसमोर?" तो दुखावला. "आधी कुणी ऐकली तर मैदानात तिची किंमत काय? काउंट ट्रेमरची रेकॉर्ड गर्दी ऐकते. गर्दीच्या आधी कुणी ऐकत नाही. माझ्या बायकोनेसुद्धा ऐकली नाही."

"तिच्यावर आवाज आहे ना? बाईचा?"

"आवाज!" काउंटने आकाशाकडे हात केला. "टीचर, त्या आवाजाने मी तीन गावांतले स्पीकरवाले घरी बसवलेत. तो आवाज लागला की लोक कुंपणं उपटायचे. असा आवाज पुन्हा झाला नाही."

मला त्याच्या दारातच रडू आलं. असा आवाज पुन्हा झाला नाही. हे मी कुणाच्या तोंडून ऐकायची वाट बघत म्हातारी झाले होते, आणि ते मला झगा घातलेल्या माणसाने कोंबड्यांच्या साक्षीने सांगितलं.

"मग हीरोज डेला ये. समितीकडे छोटा स्पीकर आहे."

'छोटा' हा शब्द त्याने असा ऐकला जसा मी 'सैतान' ऐकते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. काउंट सगळे स्पीकर आणणार, म्हणजे आवाजाचा परवाना हवा. पोलिसठाण्यातला सार्जंट माझा विद्यार्थी. तो म्हणाला, "टीचर, तुम्ही? तुम्ही तर आम्हाला कुजबुजू द्यायचा नाहीत." परवान्यासाठी चर्चची ना हरकत हवी. चर्चचं म्हणणं, रेगे असेल तर हरकत आहे. मी म्हटलं, गोड रेगे आहे. पास्टरने विचारलं, किती गोड? मिस्टर लिंडोंनी बर्मिंगहॅममध्ये आवाज कसा मोजतात ते सांगितलं, आणि पास्टरला ऐकून इतका कंटाळा आला की त्याने सही केली.

हीरोज डेला सकाळी काउंटचा ट्रक आला आणि आल्या आल्या समितीने लावलेल्या क्रोटनच्या ताटव्यात शिरला. कपाटाएवढे स्पीकर उतरले. कोर्टासमोरच्या हिरवळीवर पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या मागे सारल्या, मग आणखी मागे. वीज कोर्टाच्या इमारतीतून घेतली, ती सगळ्या चौकाची गेली. आइस्क्रीमवाला धावत आला. त्याच्या मागून अंत्यविधीवाले आले, कारण त्यांचाही फ्रीज बंद पडला होता आणि त्यांना आइस्क्रीमवाल्यापेक्षा जास्त घाई होती. टॅमिका माझ्याकडे बघून म्हणाली, "टीचर, मी म्हटलं होतं, छोटा स्पीकर." वीज आली तोवर भाषणं होऊन गेली होती आणि बोकडाचा रस्सा निवला होता.

गाव मात्र लोटलं होतं. म्हातारेकोतारे, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची मुलं. पॅन्सी पहिल्या रांगेत, जांभळी टोपी. मी मंचाच्या पायरीवर उभी होते. निळा सुती पोशाख, आईचा मोत्यांचा हार. पॅन्सीने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. शपथ आठवतेय, असं सांगत होती.

काउंटने पाठ वळवून अभ्र्यातून रेकॉर्ड काढली. झग्याने झाकून लावली.

ती सुरुवात मी कुठेही ओळखली असती. ड्रमचा तो एक ठोका, मग बास गिटारचा खर्ज. बास जमिनीतून आला, चपलांतून वर चढला. मागच्या रांगेतले लोक डोलायला लागले. गिटार कापत कापत आली. आता चार मात्रा, आणि मग मी. मी श्वास घेतला. इतक्या वर्षांनी, नकळत, तिथेच, त्याच जागी, पूर्ण श्वास.

आणि मी आलेच नाही.

बास पुढे गेला. मला वाटलं, पहिलं कडवं खराब झालं असेल. दुसऱ्याची वाट बघितली. तिथेही फक्त ताल, आणि दूर कुठेतरी विहिरीत पडल्यासारखा गिटारचा एक तुकडा. मग माझ्या लक्षात आलं. गाणाऱ्याला पुसून टाकून, नुसता ताल नि बास ठेवून, वर प्रतिध्वनीचे खेळ करून दुसरी रेकॉर्ड काढायची आमच्याकडे रीत आहे. तिला व्हर्जन म्हणतात. 'रविवारी ये'चंही व्हर्जन निघालं होतं असं मी कधीतरी ऐकलं होतं, पण स्वतःला वगळलेलं ऐकायला कोण पदरमोड करतं? काउंटने तेच घेतलं होतं. स्पीकरवाल्याला ताल हवा असतो. गाणारी त्याच्या वाटेत येते. आणि चकती खरवडलेली, तेव्हा त्याच्या दृष्टीने 'रविवारी ये' म्हणजे हीच.

मी पॅन्सीकडे बघितलं नाही. पायरी उतरून निघून जावं म्हणून वळले, आणि तेवढ्यात सगळी वाद्यं एकदम थांबली. आणि त्या शांततेत, कपाटाएवढ्या स्पीकरांतून, कोर्टाच्या भिंतींवर आदळत,

"आयसिल्डा! सरळ उभी राहा!"

आयसिल्डा… सिल्डा… सिल्डा… राहा… राहा… राहा…

आई.

काडी चघळणाऱ्या त्या किडकिडीत माणसाने माझा सगळा आवाज काढून टाकला होता आणि हे ठेवलं होतं.

निम्म्या हिरवळीच्या पाठी ताठ झाल्या. मी वर्गात हे वाक्य जन्मभर याच सुरात ओरडत आले आहे, हे मला तेव्हा कळलं. पोलिसठाण्याचा सार्जंट तर सलाम ठोकून उभा होता. मग गर्दी फुटली. लोकांनी खुर्च्या बडवल्या, पातेल्यांची झाकणं बडवली, कुणी कुंपणाचे पत्रे. आमच्याकडे लोकांना काही फार आवडलं की ते असं बडवतात, आणि मग वाजवणाऱ्याने सुई उचलून पहिल्यापासून लावायचं असतं. काउंटने सुई उचलली. पुन्हा ठोका, पुन्हा बास, पुन्हा मी श्वास घेतला (मूर्ख सवय), पुन्हा मी आले नाही, पुन्हा आई. पुन्हा झाकणं. काउंट झगा पसरून उभा होता, जणू आईला त्यानेच शोधून काढलं होतं. किती वेळा लावलं कुणास ठाऊक. शेवटी शेवटी सगळं गाव तिच्याबरोबर ओरडत होतं.

पॅन्सी उठून माझ्याजवळ आली. "ही तुझी आई ना?"

"हो."

"म्हणजे तुझा आवाज नाही."

"नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, हे मी नाकारणार नाही. मग तिने जाऊन सन्मानचिन्ह घेतलं. तिचं नाव त्यावर आधीच कोरलेलं होतं. शपथही मोडली नव्हती.

टॅमिका धावत आली. "टीचर, तुमचं नाव तर आलं! सगळ्यांनी ऐकलं!"

आलं खरं. जे नाव पुठ्ठ्यावर छापलं तर घराण्याची अब्रू जाईल म्हणून आईने बंदी घातली, ते तिने स्वतःच खणखणीत आवाजात रेकॉर्डवर नोंदवून ठेवलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीही नसती. पण तो प्रसंग कुणीतरी फोनवर टिपला आणि तो हॉलंडच्या त्या रिकामटेकड्यापर्यंत पोहोचला. त्याने कळवलं की जुन्या रेगेच्या शौकिनांत हा आवाज आता फार गाजतोय. समितीची बैठक झाली. पुढच्या हीरोज डेला मिसेस क्लेमेंटिना स्वेबी यांना, मरणोत्तर, 'गावाच्या संगीतातला अविस्मरणीय आवाज' म्हणून सन्मानचिन्ह देण्यात आलं. मिस्टर लिंडो म्हणाले, बर्मिंगहॅममध्ये असं कधी झालं नसतं, आणि या वेळी मला ते पटलं.

आईच्या वतीने ते घ्यायला मीच मंचावर गेले. महिला मंडळाच्या बायका डोळे पुसत होत्या. पॅन्सी टाळ्या वाजवत होती. मी माइकपाशी पोहोचायच्या आतच मागून कुणीतरी ओरडलं, "आयसिल्डा!" आणि सगळ्या हिरवळीने उरलेलं वाक्य पूर्ण केलं.

चिन्ह मी व्हरांड्यात ठेवलं आहे, कुंडीच्या शेजारी. एकीकडे आईने ओव्हनमध्ये घातलेला माझा आवाज, दुसरीकडे आवाजाबद्दल आईला मिळालेलं बक्षीस. फर्न छान वाढलंय. त्याला रोज पाणी घालावं लागतं, आणि घालताना वाकावं लागतं. मी वाकले की फाटकाबाहेरून शाळेत जाणारं कुणीतरी कार्टं ते वाक्य ओरडतंच.

आणि माझी पाठ, मेली, ऐकते.